फाटकावरचा निळा

डोळ्यावरची पट्टी निघाली दवाखान्यात, पण दिसायला लागलं ते घराच्या फाटकाशी. दवाखान्यात काय, पांढऱ्या भिंती, पांढरी नर्स; तिथे नव्या डोळ्याला बघण्यासारखं काही नव्हतंच. माझा दोस्त सिंदो, त्याच्या गाडीतून व्हिया पाल्मेरासमधल्या आमच्या गल्लीत आलो, माझ्या बायकोनं, नेरेइदानं, दंड धरून मला खाली उतरवलं, मी मान वर केली आणि बघतो तर आमच्या फाटकावर भलताच झेंडा रंगवलेला! लाल-पांढरे पट्टे होते, बरोबर. पांढरा तारा होता, बरोबर. पण तारा ज्या त्रिकोणात बसलाय त्या त्रिकोणाचा रंग आभाळी. फिकट, धुतलेला, लख्ख आभाळी. मी बायकोला म्हटलं, "हे कुणी केलं?" ती म्हणाली, "काय कुणी केलं?" "फाटक!" "तूच केलंस. चल आत, उन्हात उभं राहू नको म्हणालाय डॉक्टर." आणि सिंदो, जो एरवी पार्किंगवरून अख्ख्या गल्लीशी भांडतो, तो गाडी चालूच ठेवून, "येतो उद्या," म्हणून पसार झाला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्याकडे कुणाला पक्ष विचारावा लागत नाही. झेंडा सगळ्यांचा एकच, त्रिकोण तेवढा बघायचा. गडद निळा असेल तर तो माणूस म्हणतो, होऊन जाऊ दे आपलं बेट एकदाचं अमेरिकेचं राज्य, त्यांच्या झेंड्यात आपलाही एक तारा. आभाळी असेल तर म्हणतो, तुमचा तारा तुम्हाला लखलाभ, आमचा देश आम्हाला द्या. आणि मधलाच काहीतरी निळा असेल तर म्हणतो, चाललंय ते काय वाईट आहे, कॉफी घ्या. शेंबडं पोरसुद्धा हे ओळखतं. आणि मी, एलादियो, जन्मापासून गडद. माझे वडील गडद, त्यांच्या शवपेटीचं अस्तर गडद, ते सुद्धा त्यांनी आधी स्वतः पसंत करून ठेवलेलं. आयुष्यभर सान हुआनच्या रस्त्यांवर बस चालवली, लाल-हिरवे दिवे ओळखण्यात एकदाही चुकलो नाही, आणि घरच्या फाटकावर मी विरोधी पक्षाचा झेंडा रंगवून बसलो होतो! किती वर्षं? तर वादळापासून. त्या वादळानं सगळ्यांची छपरं नेली आणि माझी, म्हणजे काय म्हणायचं, अब्रूच नेली की.

कॉफी प्यायच्या आधी मी गॅलरीत जाऊन प्रयोग केला. उजवा डोळा नवा, डावा अजून मोतीबिंदूवाला, त्याची पाळी मतदानानंतर होती. उजवा झाकला, डाव्यानं बघितलं: त्रिकोण गडद, मातकट पण गडद, माझा, वडिलांचा. डावा झाकला, उजव्यानं बघितलं: आभाळी. बेटाचं राज्य, बेटाचा देश. राज्य, देश. मग दोन्ही उघडले, तर काय सांगू, मधलाच निळा! चाललंय ते काय वाईट आहे! मला एकट्यालाच हसू फुटलं. येत्या मंगळवारी आम्हाला पुन्हा एकदा विचारणार होते की बाबांनो तुम्हाला काय हवं, आणि उत्तर सगळं माझ्या एका डोक्यात तयार होतं. आम्हाला हे सारखं विचारतात. आम्ही रांगा लावून सांगतो, वॉशिंग्टनमध्ये कुणी ते वाचतं की नाही देव जाणे, मग काही वर्षांनी पुन्हा विचारतात. एकदा तर 'वरीलपैकी काहीच नाही' हेच निवडून आलं होतं. तेव्हा सिंदो आठवडाभर जेवला नाही, म्हणजे जेवला, पण तक्रार करत. हसता हसता माझी नजर खाली गेली. अंगणात नेरेइदा वाळत घातलेले कपडे काढत होती, फाटकाकडे पाठ करून, आणि मला एकदम आठवलं की तिला तर मोतीबिंदू नाही. तिचे दोन्ही डोळे सुईत दोरा ओवतात. हसू तिथल्या तिथे विरलं.

म्हणजे तिला माहीत होतं. रोज सकाळी फाटक उघडून पाव आणायला जाताना, रोज संध्याकाळी कडी लावताना, तिला दिसत होतं. आणि ती बोलली नाही. रंगाचं सोडा, रंग काय, डब्यात मिळतो. पण जिच्या शेजारी एवढं आयुष्य झोपलो ती कोण आहे हे मला माहीत आहे की नाही? मी मागचं सगळं नव्या डोळ्यानं बघायला लागलो. आमच्या पक्षाच्या भोंगेवाल्या गाड्या, ज्यांना गल्लीत नारळपाड्या म्हणतात कारण त्यांच्या आवाजानं झाडावरचे नारळ पडावेत, त्या वादळाआधी आमच्या दारासमोर थांबून कर्णे वाजवायच्या. नंतर मात्र दोन्ही निवडणुकांत आमच्या घराशी आल्या की गप्प व्हायच्या, कोपऱ्यावर जाऊन पुन्हा ओरडायच्या. मला वाटायचं, म्हातारा झोपला असेल म्हणून मान ठेवतात पोरं! समोरच्या दोन्या मोन्से, म्हणजे मोन्सेबाई, जन्माच्या हिरव्या, म्हणजे स्वातंत्र्यवाल्या पक्षाच्या, ज्यांनी माझ्याशी कधी धड गुड मॉर्निंग केलं नव्हतं, त्यांनी वादळानंतरच्या नाताळात केळीच्या पानात बांधून उकडलेले पास्तेलेस पाठवले, आणि दर नाताळात पाठवत राहिल्या. मला वाटायचं, संकटात माणसं जवळ येतात. आणि ती तरुण मुलं, फाटकासमोर उभी राहून फोटो काढायची, मला अंगठा दाखवायची! मी परत अंगठा दाखवायचो. हात्तिच्या.

दुसऱ्या दिवशी सिंदो आला. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यात तिला हातावर घेतलेला माणूस, म्हणून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे, माझा डॉमिनोतला जोडीदार. एका हातात साखर भुरभुरलेला पाव, दुसऱ्या हातात रंगाचा डबा. मी त्याला दाराशीच गाठलं. "सिंदो, तुला माहीत होतं?"

"कशाचं?"

"सिंदो."

"कोंपाद्रे, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पोस्टमनला माहीत होतं. मोन्सेच्या कुत्र्याला माहीत असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"बायकोला विचार तुझ्या. जो कुणी तोंड उघडेल त्याला या घरची कॉफी बंद, असं बजावलं तिनं. मी काय, बाहेरची कॉफी पितो का? मला पित्ताचा त्रास आहे." मग तो खुर्चीत बसला आणि त्याचा बांध फुटला. "पक्षाच्या कचेरीत मला काय काय ऐकून घ्यावं लागलं! म्हणे तुझा जोडीदार फुटला का? मी म्हटलं, तो नाही फुटला, त्याचा डोळा फुटलाय. म्हणे मग सांग त्याला. मी म्हटलं, तुम्ही सांगा, तुमच्यात नेरेइदाला तोंड द्यायची हिंमत असेल तर. कुणी आलं? कुणी नाही." डबा त्यानं टेबलावर ठेवला. "हा घे. गडद. झाकण उघडून खात्री केलीय मी, या वेळी तुझ्यावर विश्वास नाही. रविवारी मिरवणूक याच गल्लीतून काढायला लावलीय. त्याआधी रंगव, आणि विषय संपव. मला पुन्हा मान वर करून चालायचंय." तेवढ्यात नेरेइदा कॉफी घेऊन बाहेर आली. तिनं डबा बघितला, डब्यावरचा रंगाचा ठिपका बघितला, कप ठेवले, आणि सिंदोला म्हणाली, "साखर दोन ना?" बस्स. एवढंच.

तो गेल्यावर मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो. रंगवायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, रंगवायचंच होतं. माझा थोरला भाऊ एफ्राइन अमेरिकेच्या गणवेशात, अमेरिकेच्या युद्धात, व्हिएतनामच्या चिखलात गेला. ज्या राष्ट्राध्यक्षानं त्याला पाठवलं त्याला मत द्यायचा हक्क एफ्राइनला नव्हता, मला आजही नाही. मरायला चालतो तर मोजायलाही घ्या, एवढंच माझं म्हणणं, आणि ते काही मोतीबिंदूबरोबर निघून जाणारं नाही. पण हात डब्याच्या झाकणाकडे जाईना. मला तो दिवस दिसायला लागला, वादळानंतरचा. छपराचे पत्रे कुणाच्या तरी अंगणात, डोक्यावर ताडपत्री, महिनोन् महिने वीज नाही, झाडांवर पान नाही. फाटक मात्र जागच्या जागी, सोलवटलेलं. लुझच्या रंगाच्या दुकानात पाणी शिरलेलं, डब्यांवरचे कागद निघालेले, ती मेणबत्ती घेऊन उभी. मी एक डबा उघडला, निळा बघितला, माझ्या डोळ्यांना तो गडद दिसला, उचलला. शिडी लावून रंगवत होतो, शिट्टीही वाजवत होतो. नेरेइदा बाहेर आली. फाटकासमोर थांबली. आणि मग पायरीवर बसून ती रडायला लागली, तोंडाला ॲप्रन लावून, खांदे हलवत, लहान मुलीसारखी. मी शिडीवरून उतरलो, तिच्या पाठीवर निळा हात ठेवला आणि म्हटलं, "रडू नको गं, नवे पत्रे घालू. याहून चांगले पत्रे घालू." ती मान हलवत राहिली. त्या पाठीवरचा तो निळा पंजा मग तिच्या झग्यावरून कधी गेलाच नाही. आणि झगा तिनं टाकलाही नाही.

पत्र्यांसाठी रडत होती म्हणे! अरे गाढवा एलादियो. मला सासरे आठवले, सातुर्निनो, हिरवे, अबोल, बागेत टोपी घालून बसणारे. झेंडा घरात ठेवणं हाच गुन्हा होता अशा काळात त्यांनी तो गादीत शिवून ठेवला होता. ती गादीची गोष्ट मी लग्नाआधीपासून ऐकत आलोय. बारशांत ऐकली, लग्नांत ऐकली, पोलीस घरात शिरतो तिथे सगळे हसायचे, मीही हसायचो, पुढे तर मीच ती सांगायला लागलो, कारण मी चांगली सांगतो. लग्न झालं, नेरेइदा माझ्या घरात आली, माझं आडनाव, माझा पक्ष. निळा सदरा घालून मिरवणुकीत यायची, थर्मास धरायची. बायका येतात तशी आमच्या रंगात आली असं मी धरून चाललो. विचारायचं कशाला? चपला कुठे ठेवल्या हे सुद्धा मी तिला विचारायचो, पण हे नाही विचारलं.

ती स्वयंपाकघरात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती, रविवारच्या भातासाठी. मी समोर बसलो, चार शेंगा माझ्याकडे ओढल्या. उजव्या डोळ्याला दाणे इतके हिरवे दिसत होते की मला जरा घाबरायलाच झालं. म्हटलं, "नेरेइदा, तुझ्या वडिलांच्या गादीत झेंडा होता, त्याचा निळा कोणता?"

तिचे हात थांबले. "आज विचारतोस?"

"आजच दिसलं."

"फाटकावरचा," ती म्हणाली. मग शेंगेकडे बघतच बोलायला लागली. "आईनं मावशीच्या नाचाच्या झग्यातून कापला होता तो त्रिकोण. फिकट, चकचकीत. पोलीस आला तेव्हा मला त्या गादीवर झोपवलं आणि सांगितलं, पोरीला ताप आहे. तुम्ही सगळे इथे हसता. तूही हसवतोस. त्या पोलिसानं माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, हिला खरंच ताप आहे हो. आणि होताच, एलादियो. भीतीनं आला होता. आठ दिवस उतरला नाही. मला पाठीखाली ते कापड कळत होतं, गादीच्या आत, एवढुसं. मी हललेसुद्धा नाही. आणि वादळानंतर मी बाहेर येते तर तो झेंडा भर उन्हात, रस्त्यावर, एवढा मोठा. आणि रंगवतोय कोण, तर तू. शिट्टी वाजवत."

"सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. म्हटलं, आज बघून घेते, उद्या सांगते. मग उद्या पुन्हा तेच म्हटलं."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण स्वभाव जातो कुठे, मी म्हटलं, "आणि मत? मिरवणुकीत तर यायचीस."

"मिरवणुकीत तुझ्यासाठी यायचे. एकटा गेलास की ऊन लागून पडतोस. मत माझं माझ्याकडे."

"म्हणजे दर वेळी मी एक मत टाकायचो आणि तू ते खोडून टाकायचीस?"

"तसंच काहीतरी."

"अगं, मग आपण दोघं घरीच बसलो असतो तरी निकाल तोच लागला असता की!"

"घरी बसलो असतो तर नंतर कॉफी आणि गोड पाव कुठला? वर्षानुवर्षं मला तेवढ्यासाठीच तू रांगेत उभं करतोयस असं वाटायचं." आणि ती हसली, मीही हसलो, दाणे सांडले. ते गोळा करताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "रंगव तू. सिंदोनं आणलाय ना, रंगव. तुझ्या वडिलांचं घर आहे, तुझा भाऊ गेला. मी काही म्हणणार नाही. खूप दिवस बघायला मिळालं मला." आणि ती खरंच काही म्हणाली नसती. भांडली असती तर मी त्याच दुपारी रंगवून मोकळा झालो असतो.

शनिवारी मी डबा उचलून लुझच्या दुकानात गेलो. ती रंगाच्या पट्ट्या माझ्यासमोर ठेवून हाताची घडी घालून उभी राहिली. तिनेही इतकी वर्षं कॉफी प्यायली होती आमच्याकडे, तिलाही सगळं माहीत होतं. मी डावा डोळा तळव्यानं झाकला आणि बोट ठेवलं. "हा बदलून दे. हा नको, हा."

"एलादियो," ती म्हणाली, "चुकीचा डोळा झाकलायस तू."

"बरोबर झाकलाय."

"सिंदो जीव घेईल तुझा."

"त्याला पित्ताचा त्रास आहे, पळून दमेल."

रविवारी चर्च सुटल्यावर मी शिडी लावली. नेरेइदा अजून आलेली नव्हती, ती तिथे बायकांशी बोलत मागे राहते. दोन्या मोन्से खुर्ची ओढून त्यांच्या दारात येऊन बसल्या होत्या, निरोप द्यायला आल्यासारखं तोंड करून. मी डब्याचं झाकण उघडलं, तशा त्या उठून उभ्या राहिल्या. "एलादियो, डोळा ठीक आहे ना तुमचा?"

"उत्तम आहे, दोन्या. पण मंगळवारी मत माझं राज्यालाच, उगाच आशा धरू नका. आणि पास्तेलेस बंद करू नका."

"या वर्षी मनुका जास्त घालीन," त्या म्हणाल्या आणि नाक पुसायला लागल्या. जुन्या रंगावर नवा हात चढत होता, आभाळी, ओला, इतका फिकट की माझे वडील वर कुठे असतील तिथे अस्तर फाडत असतील. मी त्यांची माफी मागितली नाही. म्हटलं, मत देतो तुमचं, फाटक तिचं. तेवढ्यात कोपऱ्यावरून भोंगे ऐकू आले. सगळ्यात पुढच्या नारळपाडीवर, गळ्यात गडद निळा रुमाल, हातात माईक, सिंदो. गाडी जवळ आली, त्यानं मला शिडीवर बघितलं, ब्रश बघितला, ब्रशाचा रंग बघितला. गाणं बंद पडलं. अख्खी गल्ली त्याच्या श्वासाचा आवाज कर्ण्यातून ऐकत होती. मी शिडीवरून ब्रश उंच केला, दुसरं काय करणार? मग कर्णा खरखरला. "सावकाश चालवा रे," सिंदो म्हणाला, "डावीकडे माझा जोडीदार आहे. माणूस गडद आहे. फाटक बायकोचं आहे. वाजवा!" आणि वादळानंतर पहिल्यांदा आमच्या दारासमोर सगळ्या गाड्यांचे कर्णे वाजले. मोन्सेचं कुत्रं वेडं झालं. मी हात हलवत राहिलो, बाहीवरून रंग कोपरापर्यंत गळत होता.

शेवटची गाडी गेली आणि पलीकडच्या फुटपाथवर नेरेइदा दिसली. हातात चर्चची छोटी पर्स, डोक्यावर हात आडवा. किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. रस्ता ओलांडून आली, फाटकापाशी थांबली, ओल्या रंगाच्या इतकी जवळ की मी म्हटलं, "कपडे सांभाळ." ती बघत राहिली. मग म्हणाली, "दोन्ही डोळ्यांनी बघून रंगवलंस?"

"एकानं. चांगल्या."

"वरचा कोपरा राहिलाय."

"तिथे हात पोचत नाही माझा."

मी खाली उतरलो. तिनं पर्स माझ्या हातात दिली, चपला काढल्या आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढली. मी शिडी धरली. ब्रश हातात घेऊन ती जरा थांबली, मग त्रिकोणाचा कोपरा भरायला लागली, कडेकडेनं, अगदी सावकाश, कुणाला तरी जाग येईल अशा बेतानं. तिचे खांदे हलायला लागले. या वेळी मी विचारलं. म्हटलं, "नेरेइदा, कशासाठी रडतेस?"

ती वरूनच, न वळता म्हणाली, "पत्र्यांसाठी."

मला इतकं हसू आलं की शिडी हलली, आणि ती किंचाळली, आणि ब्रश माझ्या डोक्यावर पडला.